मदत हवी आहे: दोन मुलं, सासूबाई, ऑफिस आणि सहाशे अश्वशक्तीची कोम्बी

नेकारकाठ
मंडळी, नमस्कार. गाडी घ्यायची आहे आणि या वेळी काही केल्या निर्णय होत नाहीये. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला देणंही अवघड जातं.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. नवरा, मी, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा. उन्हाळ्यात नाशिकहून सासूबाई येतात, दोन-अडीच महिने राहतात, म्हणजे तेवढा काळ गाडीच्या पाचही जागा भरलेल्या. सध्या २०१७ ची स्कोडा सुपर्ब कोम्बी आहे, म्हणजे लांब छपराची, मागे मोठी डिकी असलेली गाडी, डिझेल. दोन लाख तीस हजार किलोमीटर झाले, रस्त्यात एकदाही अडकवलं नाही. ६६० लिटरची डिकी. बाबागाडीपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं त्यात मावलं. आता मात्र ती बदलायची वेळ आली आहे.

मला हवी आहे ऑडी आरएस ६ अवांट, नाहीतर बीएमडब्ल्यू एम ५ टुरिंग. दोन्ही वेगवान कोम्बीच.

हे वेड आजचं नाही. माझे बाबा टेल्कोत (नंतरची टाटा मोटर्स) होते. १९९२ साली टाटा एस्टेट आली, तेव्हा एका रविवारी सहकाऱ्याची गाडी मागून घेऊन त्यांनी मला चिंचवडहून लोणावळ्याला नेलं. मागच्या मोठ्या काचेतून पळणारा रस्ता बघत मी अख्खा वेळ उलटी बसले होते. लांब छपराची गाडी दिसली की अजून माझी नजर वळते. मैत्रिणी म्हणतात एसयूव्ही घे, उंच बसायला मिळतं. मला उंच नाही बसायचं. आणि मी दर आठवड्याला ए ८ महामार्गावरून म्युनिकला जाऊन येते, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. उगाच दारात उभी ठेवायला मागत नाहीये.

आता अडचणी. पहिली, लेकीला गाडी लागते. या गाड्यांची सस्पेन्शन कडक असतात म्हणे. घरच्यांना प्रत्येक प्रवासात त्रास झाला तर त्या सहाशे अश्वशक्तीचं मी काय करू?

दुसरी अडचण बोलायला जास्त अवघड. माझी नऊ जणांची छोटी कंपनी आहे, कारखान्यांच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही तपासून देतो. गिऱ्हाईकं बहुतेक इथल्या श्वाबियातल्या घरगुती मालकीच्या कंपन्या. मालक स्वतः बारा वर्षं जुन्या गाडीतून येतो आणि एकेका युरोचा हिशेब ठेवतो. त्याच्या अंगणात मी दीड लाख युरोची गाडी उभी केली, तर माझं पुढचं कोटेशन तो कसं वाचेल? दुसरीकडे, साध्या गाडीतून उतरले तर मला कुणीतरी मदतनीस समजतं, असंही झालं आहे. भारतीय बाई, स्वतःची कंपनी, त्यात अशी गाडी. लोक काय म्हणतील हा विचार येतो, आणि तो येतो याचा रागही येतो.

ज्यांनी अशी गाडी मुलाबाळांसकट वापरली आहे त्यांनी कृपया लिहा. आमच्यासाठी दुसरा काही पर्याय सुचत असेल तर तोही सांगा.

आल्पघाट
ताई, चार वर्षं अशाच एका गाडीत दोन मुलं वाढवली आहेत. कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल तक्रारीही आहेत.

आधी डिकी बघा. आरएस ६ ची ५६५ लिटर, एम ५ टुरिंगची ५००. तुमच्या सुपर्बची ६६०. म्हणजे तिप्पट पैसे मोजून तुम्ही सामानाची जागा कमी करून घेताय. मुलं मोठी झाल्यावर हे चालतं, पण चार वर्षांच्या मुलाबरोबर सुट्टीला निघालात की छपरावर पेटी येते. आणि बहुतेक छपरावरच्या पेट्यांना ताशी १३० ची मर्यादा असते. आम्ही गेल्या उन्हाळ्यात क्रोएशियाला गेलो तेव्हा शेजारच्या लेनमधली लहानशी डिझेल गाडी आणि आम्ही सारख्याच वेगात होतो.

दुसरी गोष्ट मधली जागा. दोन्ही कडांना मुलांच्या सीट लागल्या की मध्ये मोठा माणूस बसणार, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाड्यांत त्याच्या पायात मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यासाठीचा उंचवटा येतो. सासूबाईंना पुढे बसवाल, पण मग मागे नवरा गुडघे छातीशी घेऊन बसेल. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. स्वतःच्या सीट घेऊन जा, लावून बघा, आणि मध्ये दहा मिनिटं खरंच बसा.

गाडी लागण्याचं म्हणाल तर निम्मा दोष चाकांचा असतो. आरएस ६ ला २१ इंची चाकं येतात, लोक हौसेने २२ घेतात. टायरची भिंत जितकी बारीक तितका प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. सस्पेन्शनही दोन प्रकारची. हवेची मुळातच येते. वर पैसे भरून पोलादी स्प्रिंगची घेता येते, तिच्यात तिरक्या रेषेतल्या कोपऱ्यांतले डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारे भाग, तेलाच्या नळ्यांनी जोडलेले असतात. वळणावर ती गाडी अजिबात झुकत नाही, चालवणाऱ्याला स्वर्ग. मागे बसलेल्या मुलाला मात्र नाही. तुम्ही हवेचीच घ्या, २१ च्या वर जाऊ नका.

माझी तक्रार टायरची आहे. हिवाळी आणि उन्हाळी दोन संच, त्या आकाराचे, त्या वेगाला मान्य असलेले. वर्षाचा तो खर्च मी आधी धरलाच नव्हता, आणि दुसऱ्या वर्षी सुट्टी रद्द करून टायर घेतले. बायको अजून ते विसरलेली नाही.

डॅन्यूबपार
एम ५ टुरिंगबद्दल एवढंच. २०२४ पासूनची ही पिढी प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही. ७२७ अश्वशक्ती आणि वजन जवळपास अडीच टन. रोजची शाळा, भाजी, पोहण्याचा क्लास विजेवर होतो, ताशी १४० पर्यंत इंजिन न लावता जाते, सकाळी सहाला शेजारी उठत नाहीत. मुलांच्या घरात हा फायदा मोठा आहे. पण बॅटरी कुठेतरी ठेवावी लागतेच. मर्सिडीजच्या नव्या ई-क्लास कोम्बीत साध्या इंजिनाला ६१५ लिटर डिकी आहे आणि प्लग-इनला ४६०. त्यामुळे हायब्रिड बघताना डिकी स्वतः मोजा, माहितीपत्रकात मोठा आकडा साध्या मॉडेलचा असतो.

जुना_बिल्ला
नेकारकाठ ताई, प्रतिमेच्या प्रश्नावर लिहितो, कारण तोच मला जास्त महत्त्वाचा वाटला. वेगवान कोम्बीने लोकांना दिपवायचं असतं असं तुम्ही गृहीत धरलं आहे. या गाड्यांचा जन्म मात्र कुटुंबाच्या अडचणीतूनच झाला.

बीएमडब्ल्यूत माक्स राइसब्योक नावाचे अभियंते होते, नमुना गाड्या बनवणाऱ्या विभागात. त्यांच्या ३ सीरीजमध्ये बायको, दोन मुलं आणि सुट्टीचं सामान मावेना. १९८४ मध्ये त्यांनी मित्राच्या गॅरेजमध्ये एक गाडी मागून कापली आणि स्वतः कोम्बी बनवली. कंपनीने ती पाहिली आणि ठेवून घेतली. १९८७ मध्ये ३ सीरीज टुरिंग जगासमोर आली. तुमच्यासारख्याच एका चौकोनी घराची गरज होती ती.

नंतर १९९४ हे वर्ष आलं. ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस २ अवांट काढली. पाच सिलिंडरचं २.२ लिटर इंजिन, ३१५ अश्वशक्ती, ब्रेक पोर्शचे, बाजूचे आरसेही पोर्शचे. आणि तिची जुळणी झाली तुमच्या स्टुटगार्टमध्येच, झुफेनहाउझेनच्या पोर्श कारखान्यात. ऑडीची आजची आरएस घराणी त्या कोम्बीपासून सुरू झाली, स्पोर्ट्स कारपासून नाही, हे मला अजून विलक्षण वाटतं. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटनच्या टुरिंग कार शर्यतीत ८५० एस्टेट ही कोम्बी उतरवली. तोवर व्होल्वो म्हणजे सुरक्षित, चौकोनी, शिक्षकांची गाडी. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स यांनी ती अख्खा हंगाम पळवली. जिंकली नाही, पण ब्रँडकडे बघण्याची लोकांची नजर बदलली आणि पुढच्या वर्षी ८५० टी-५आर ला गिऱ्हाईक तयार होतं.

म्हणून वेगवान कोम्बी ‘माझ्याकडे पैसा आहे’ यापेक्षा ‘माझ्याकडे मुलं आहेत, आणि मला चालवायलाही आवडतं’ हे जास्त सांगते. श्वाबियातला मालक हे ओळखतो. तो गाड्यांच्याच मुलखात वाढला आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. लोक म्हणतील, मागचा नावाचा बिल्ला न लावता गाडी मागवा, कुणाला कळणार नाही. आरएस ६ मध्ये ते जमत नाही. साध्या ए ६ अवांटमधलं छप्पर, पुढची दारं आणि मागचं दार एवढंच तिच्यात तसंच आहे. बाकी पत्रा वेगळा, चाकांवरचे फुगवटे दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर बाहेर. जाणकार पन्नास मीटरवरून ओळखतो.

हिशेबवही
कुणी विचारलं नाही म्हणून लिहिते. गाडी कंपनीच्या नावावर घेणार का? मग एक टक्क्याचा नियम आधी समजून घ्या. गाडीच्या मूळ यादी किमतीचा एक टक्का दर महिन्याला तुमच्या करपात्र उत्पन्नात मिळवतात. दीड लाखाची पेट्रोल गाडी म्हणजे महिन्याला १,५०० युरो. शिवाय घर ते ऑफिस दर किलोमीटरला ०.०३ टक्के. वीस किलोमीटर धरले तर आणखी ९००. सवलतीत घेतलीत तरी हिशेब यादी किमतीवरच होतो. प्लग-इन हायब्रिडला अट पूर्ण झाली तर अर्ध्यावर येतं, पण विजेवर किती किलोमीटर जायला हवी ती मर्यादा वाढत गेली आहे, त्यामुळे तुमच्या कर सल्लागाराला त्या नेमक्या मॉडेलचं विचारा.

आणि खर्च व्यवसायाला साजेसा आहे का, हे कर कार्यालय विचारू शकतं. २०१४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कर न्यायालयाने एका पशुवैद्याच्या फेरारीचा बराचसा खर्च नाकारला होता, कारण त्यांनी ती कामासाठी तीन वर्षांत मोजक्याच वेळा नेली होती. तुमचं म्युनिकचं येणं-जाणं खरं आहे, तुमची बाजू बरी आहे. फक्त फेऱ्यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा.

मुळाकाठचा
पुण्यातून. इथे २०१५ मध्ये आरएस ६ अवांट अधिकृतपणे आली होती, किंमत सव्वा कोटीच्या वर. मी एकच पाहिली, बाणेरला सिग्नलवर. शेजारचे काका मुलाला म्हणाले, ‘छान आहे रे, पण ॲम्ब्युलन्ससारखी का केली?’ आपल्याकडे कोम्बी कधी रुजलीच नाही. टाटा एस्टेट, नंतर इंडिगो मरीना, दोन्ही चांगल्या असून मागे पडल्या. ताई, तुमच्या बाबांची गोष्ट वाचून भरून आलं. माझे काकाही टेल्कोत होते.

आल्पघाट
ताई, दोन पर्याय राहिलेच. ऑडी एस ६ अवांट डिझेल, २०१९ पासूनची. ३४९ अश्वशक्ती, ७०० न्यूटन मीटर टॉर्क. डिकी आरएस ६ इतकीच, आणि श्वाबियातल्या अंगणात ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दुसरी माझ्या मनातली, आल्पिना बी ५ टुरिंग, बीएमडब्ल्यू ५ सीरीजवरून बव्हेरियातल्या बुखलोएच्या आल्पिना कंपनीने केलेली, २०१७ ते २०२३ मधली. सहाशेच्या वर अश्वशक्ती, ५७० लिटर डिकी, आणि आल्पिनाची माणसं सस्पेन्शन लांबच्या प्रवासासाठी जुळवत, शर्यतीच्या मैदानासाठी नाही. विकत घेण्याआधी कुठलीही एक वेगवान कोम्बी शनिवार-रविवार भाड्याने घ्या. महामार्गावर नको, वळणांवर न्या. बी ५०० हा डोंगरी रस्ता घ्या, बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट. लेकीचं उत्तर तिथे मिळेल.

नेकारकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबवही ताईंचा प्रतिसाद वाचून त्याच संध्याकाळी कर सल्लागाराला मेल टाकली.

शनिवारी गाडी भाड्याने घेतली, २२ इंची चाकांची. नाव लिहीत नाही. बी ५०० वर चालवताना मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. पंचेचाळीस मिनिटांनी लेक म्हणाली, ‘आई, थांब.’ वाटेतल्या मुम्मेलझे तळ्याच्या पार्किंगमध्ये तिला घेऊन अर्धा तास बसले. परत येताना मुद्दाम तोच रस्ता, मी हळू, गाडी सगळ्यात मऊ मोडवर, लेक पुढच्या सीटवर तिच्या उंच सीटसकट. तरी पुन्हा थांबावं लागलं. रविवारी तिला तोच रस्ता आमच्या सुपर्बमधून नेला, नेहमीच्या मागच्या जागेवर. कुरकुरली, पण थांबलो नाही.

मधल्या जागेवर नवरा दहा मिनिटं बसला. तो काही बोलला नाही, पण उतरल्यावर गुडघे चोळत होता.

जुना_बिल्ला, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. राइसब्योक यांची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, ‘तुझ्या गाडीतून मागचा रस्ता दिसतो ना?’

गिऱ्हाइकांची भीती मी आता बाजूला ठेवली आहे. ज्याला माझं काम माहीत आहे तो कोटेशन कामावरूनच वाचेल. लेकीचा प्रश्न मात्र मी बाजूला ठेवू शकत नाही, त्यामुळे आरएस ६ आणि एम ५ या दोन्ही यादीतून काढल्या.

आता प्रश्न बदलला आहे. उल्मजवळ एक २०२१ ची आल्पिना बी ५ टुरिंग विकायला आहे, २० इंची चाकं, ७८,००० किलोमीटर, पहिला मालक. इतके किलोमीटर झालेली अशी गाडी घेताना नेमकं काय तपासायचं? गिअरबॉक्सचं तेल, मागचं सस्पेन्शन, ब्रेक, अजून काय? स्वतंत्र तपासणी करून घ्यायची तर मालक साधारण किती वेळ गाडी देतो? गुरुवारी बघायला जायचं आहे, त्याआधी कुणी लिहिलं तर फार मदत होईल. लेकीला सोबत नेणार आहे.