अनुभव धागा : सभासदाला शिस्त, पुढाऱ्याला विश्रांती

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, सभासदाचं पाप उघड झालं की त्याचं नाव व्यासपीठावरून घेतलं जातं. पाळकाचं (पास्टरचं) उघड झालं की ‘प्रकृतीच्या कारणाने रजा’ जाहीर होते. हा फरक नेमका कुठे पडतो आणि तो कसा बुजवता येईल, हे मंडळीचा कारभार आतून पाहिलेल्यांनी लिहावं. नावं नकोत, पद्धत लिहा.

वडीलमंडळात (मंडळीतल्या ‘वडील’ पदाच्या पुढाऱ्यांच्या समितीत) काम केलेले

बायबलमधल्या मत्तय 18:15-17 चा क्रम सगळ्यांना पाठ असतो : आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. सामान्य सभासदाच्या वेळी पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या जातात, पुढाऱ्याच्या वेळी तिसरी कधी येतच नाही. दुसऱ्या पायरीवर नेलेले दोघं पाळकाच्याच मर्जीतले असले, तर त्यांना साक्षीदार कसं म्हणायचं? निदान एक जण तक्रारदाराने निवडलेला असावा.

आणि हा उतारा अत्याचाराला लावू नका. पीडित मुलीला ‘आधी त्याला एकटी भेट’ असं सांगणं क्रूर आहे. तिथे पहिलं काम तिला सुरक्षित करणं आणि पोलिसांना कळवणं. मंडळीची चौकशी त्यानंतर, आणि पोलिसांच्या तपासाच्या आड न येता.

वचन शिकवणारे

1 तीमथ्य 5:19 नेहमी ऐकू येतं : दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलावरचा आरोप घेऊ नये. पुढचंच वचन, पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष लाव, ते मात्र कुणी वाचत नाही. एकोणिसावं वचन खोट्या आरोपापासून राखण्यासाठी आहे, तक्रार दाराबाहेरच अडवण्यासाठी नाही. तक्रार लेखी घ्या, तारखेसह पोच द्या. ज्याच्याविरुद्ध ती आहे तो आणि त्याचे नातेवाईक त्या बैठकीत बसणार नाहीत, हे मंडळीच्या नियमावलीतच लिहून ठेवा. ऐन प्रकरणात हा नियम करायला गेलात तर तो वैराचा मानला जातो.

खजिनदार

पैशाच्या पापात सर्वांत सोपी पळवाट म्हणजे ‘रक्कम परत केली, विषय संपला’. विषय संपत नाही. किती, कधीपासून आणि कुणाच्या सहीने, हे बाहेरच्या हिशेबतपासनिसाने काढलं पाहिजे. दान मोजायला नात्यात नसलेले दोघं हवेत आणि मोजणीच्या कागदावर जागेवरच दोघांच्या सह्या. पाळकाच्या हातातल्या मदतनिधीलाही पावती लागते. गरजूचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते वेगळ्या नोंदीत ठेवावं.

शिस्तीची प्रकरणं हाताळणारे

ठरावात चार गोष्टी नसतील तर ती शिस्त नाही, हकालपट्टी आहे : कोणतं कृत्य, कशापासून दूर ठेवलं (प्रभुभोजन म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, गायनगट, शिकवणं), त्या काळात भेटायला कोण जाणार, आणि फेरविचाराची तारीख. तारीख नसली की माणूस दोन-तीन महिन्यांत गळतो आणि कुणी विचारतही नाही. 2 करिंथ 2:6-8 मध्ये प्रेषित पौल शिस्त लावलेल्या माणसाबद्दल स्पष्ट सांगतो की शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडेल.

पुढाऱ्याच्या बाबतीत हेच वचन वापरून त्याला घाईने व्यासपीठावर परत आणतात. इथे फार नुकसान होतं. सहभागितेत परत घेणं आणि पदावर परत घेणं हे दोन निरनिराळे निर्णय आहेत. पहिला पश्चात्तापावर होतो. दुसऱ्यासाठी 1 तीमथ्य 3 मधल्या अटी पुन्हा पाहाव्या लागतात, त्यात बाहेरच्या लोकांतला लौकिकही येतो, आणि काही पापांनंतर उत्तर कायमचं ‘नाही’ असंच असतं. क्षमा मिळाली म्हणून पदाचा हक्क परत मिळत नाही. दावीद राजाला त्याच्या पापाची क्षमा झाली, तरी संदेष्टा नाथानाने परिणाम सांगायचे सोडले नाहीत.

कॅथॉलिक धर्मप्रांतातले

धर्मगुरूपुढे केलेल्या पापकबुलीची गुप्तता अभंग आहे, पण तिची सावली इतर गोष्टींवर पाडली जाते. कबुलीबाहेर, कार्यालयात किंवा पत्राने कळलेली गोष्ट त्या गुप्ततेत येत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या आदेशाने लैंगिक अत्याचार आणि ते दडपणं, दोन्हींची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देणं धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना (मठवासी बंधू-भगिनींना) बंधनकारक झालं, आणि बिशपांविरुद्धच्या तक्रारीचा मार्गही त्यात ठरवला गेला. 2023 मध्ये तो कायम झाला. तक्रारदाराला गप्प राहण्याची अट घालता येत नाही. तशी सही कुणी मागितली तर देऊ नका.

बदल्यांचं काम पाहिलेले

दोषी पाळक दुसऱ्या मंडळीत जातो तो बहुधा एका गोड शिफारसपत्रावर. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या संघाच्या 2022 च्या चौकशी अहवालात उघड झालं की कार्यालयाने आरोपी सेवकांची सातशेहून अधिक नावांची यादी आतल्या आत ठेवली होती, मंडळ्यांना मात्र ती दाखवली नव्हती. म्हणून पत्रावर विसंबू नका. आधीच्या मंडळीच्या किमान दोन वडिलांना फोन करा आणि सरळ विचारा : यांच्याविरुद्ध कधी लेखी तक्रार आली होती का, आणि तुम्ही यांना पुन्हा नेमाल का? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. टाळाटाळ झाली तर नेमणूक तिथेच थांबवा.