वाकड्या हँडलच्या जुन्या सायकलीला कोणती पट्टी गुंडाळावी?

विश्रामबागवाला, सांगली:
नमस्कार. माझ्या काकांनी 1970 च्या दशकात घेतलेली वाकड्या हँडलची रॅले सायकल बरीच वर्षे माळ्यावर पडून होती. आता तिचे तेलपाणी झाले आहे. काम अडले आहे ते हँडलच्या पट्टीपाशी. मूळची सुती पट्टी काळवंडून फाटली आहे आणि तिच्यावर मध्यंतरी कोणीतरी चढवलेले रेक्झिन हाताला चिकटते. दुकानदाराने स्पंजासारखी जाड टेप दाखवली. ती हाताला मऊ लागते, परंतु पोलादी फ्रेमच्या बारीक नळ्यांपुढे हँडल सुजल्यासारखे दिसेल, असे वाटते. सुती पट्टीच घ्यावी का, आणि ती खालून वर गुंडाळावी की वरून खाली? रोजची फेरी आयर्विन पुलावरून सांगलवाडीपर्यंत आणि रविवारी मिरजेपर्यंत असते.

यवतेश्वर घाट, सातारा:
सुतीच घ्यावी. कॉर्क मिसळलेली फुगीर टेप रूढ झाली ती 1980 च्या दशकात. आपल्या सायकलीच्या काळातली ती नव्हे. मात्र पट्टी विकत घेण्यापूर्वी जुने सगळे उतरवून हँडल उघडे करावे आणि उरलेला गोंद रॉकेलने, मग स्पिरिटने पुसावा. हँडलला चुंबक चिकटला नाही तर ते ॲल्युमिनियमचे आहे, आणि घामातले मीठ पट्टीखाली साचून ॲल्युमिनियम खाते. पांढरी पूड दिसली तर घासून काढावी. परंतु स्टेमच्या, म्हणजे हँडल मधोमध धरणाऱ्या तुकड्याच्या, पकडीपाशी किंवा ब्रेक लिव्हरच्या पट्ट्याखाली नखाला अडणारी चीर सापडली, तर पट्टीचा विषय तिथेच थांबवून हँडल बदलावे. घाट उतरताना हँडल तुटले तर सावरायला वेळ मिळत नाही.

तंतुवाद्य गल्लीजवळ, मिरज:
खालून वर गुंडाळल्यास प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्यावर बसतो आणि तळवा खाली सरकला तरी कडा उलटत नाहीत. मात्र शेवट स्टेमजवळ होतो व तो चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बांधावा लागतो. वरून खाली आल्यास टोक हँडलच्या तोंडातल्या बुचाखाली दडते, दिसायला सुबक, पण कडा लवकर सुटतात. मी खालूनच सुरुवात करतो. उजव्या बाजूला पट्टी नळीच्या वरून बाहेरच्या दिशेने न्यावी, कारण खाली धरताना मूठ बाहेर वळते. डावीकडे याचे प्रतिबिंब. वरच्या आडव्या भागावर आपण हँडल स्वतःकडे ओढतो, त्यामुळे तिथे पट्टी वरून आपल्याकडे यायला हवी, आणि त्यासाठी लिव्हरपाशी इंग्रजी आठसारखा फेरा घेऊन दिशा उलटवावी. सुती पट्टी पातळ असल्याने या फेऱ्याची गाठ हाताला जाणवत नाही. जुन्या लिव्हरची केबल वरून मोकळी निघते, म्हणून पट्टीखाली काही दडवायचे नसते.

आणखी एक. पट्टीवर लाखेचे पॉलिश द्यावे. आमच्याकडे सतारी-तंबोऱ्यांना वापरतात तोच चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशाने पातळ तीन हात द्यावेत. कडा जागच्या जागी घट्ट बसतात, पावसाचे पाणी चटकन मुरत नाही, आणि हळदी रंगाची पट्टी मधासारखी तांबूस होते. पाचसहा हात देऊ नयेत. हँडल गुळगुळीत होऊन घामेजलेली मूठ सरकते. पावसाळी हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते, तेव्हा कोरडा दिवस पाहावा. हाताला सॅनिटायझर लावून लगेच हँडल धरू नये, त्यातल्या अल्कोहोलने लाख चिकट होते.

विश्रामबागवाला, सांगली:
दोघांचेही आभार. हँडल ॲल्युमिनियमचे निघाले. लिव्हरखाली पांढरी पूड होती, चीर कुठेही नाही. काल उजवी बाजू गुंडाळली, परंतु फेरे जवळजवळ निम्मे एकमेकांवर घेतल्याने स्टेमपाशी चार बोटे पट्टी कमी पडली.

तंतुवाद्य गल्लीजवळ, मिरज:
लाख लावलेली नसल्याने उलगडता येईल. सरळ भागात एक तृतीयांश पुरे. वळणावर मात्र बाहेरच्या बाजूला फेरे फाकतात, तिथे थोडे अधिक घ्यावे. डावी बाजू उजवीकडे पाहत गुंडाळावी, म्हणजे दोन्हीकडचे फेरे मोजून सारखे येतील.