जूनमध्ये नाशिकला परतताना: मुलांचं सामान

विषय: नाशिकला परततोय, मुलांसाठी काय आणू आणि काय तिथे घेऊ?

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अमेरिकेतून कायमचे नाशिकला परततोय. थोरली सहा वर्षांची आहे, पहिलीत जाईल. धाकटा चार वर्षांचा, बालवाडीत. घर गंगापूर रोडला. विमानात प्रत्येकी दोनच बॅगा नेता येणार आहेत. इकडून नेण्यासारखं नेमकं काय आहे? शाळा सुरू व्हायच्या आत नाशकात काय काय घेऊन ठेवावं? तिथे राहणाऱ्यांनी आणि परतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

उत्तर १ (इंदिरानगर, नाशिक)

ताई, नमस्कार.

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. म्हणून कुठलीही वस्तू घेताना दोन प्रश्न विचारा. भिजली तर रात्रीतून वाळेल का? आणि मुलाला ती स्वतः उचलता-उघडता येईल का? तिकडच्या पुष्कळ चांगल्या वस्तू पहिल्याच प्रश्नाला नापास होतात. जाड अस्तराचे बूट, फोमचं पॅडिंग असलेलं दप्तर, कापडी डबापिशवी हे सगळं एकदा ओलं झालं की दोन दिवस कुबट वास मारतं.

दप्तरापासून सुरुवात करते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि बालवाडीला दप्तरच नको. तुमची लेक २० किलोची धरली तर मर्यादा २ किलो. आता हिशोब करा. रिकामं दप्तर ५०० ग्रॅम, अर्ध्या लिटरची भरलेली स्टीलची बाटली ६५० ग्रॅम, भरलेला डबा ४०० ग्रॅम. झाले १५५० ग्रॅम. वह्या-पुस्तकांना उरले जेमतेम ४५०. त्यामुळे रिकाम्या दप्तराचं वजन ही खरेदीतली पहिली गोष्ट. कार्टूनचं चित्र नंतर बघा. तिकडे हलकी नायलॉनची सॅक मिळत असेल तर जरूर आणा. चाकांचं दप्तर मात्र नकोच. ते मुळात जड असतं, शाळेच्या ओल्या जिन्यावर शेवटी हातातच उचलावं लागतं आणि रिक्षात मांडीवर मावत नाही.

दप्तराला बाहेरून घालायचं पावसाळी कव्हर पुरेसं नाही. ते समोरून झाकतं, पण पाठीकडची बाजू आणि पट्ट्यांची शिवण उघडीच राहते आणि पाणी तिथूनच आत उतरतं. शाळेच्या रिक्षात दप्तरं बाहेरच्या बाजूला टांगलेली असतील तर विचारूच नका. वह्या आतमध्ये बटणाच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. तिकडचे फोल्डर आणि तीन कड्यांचे बाइंडर आणू नका. इकडे ए-४ कागद चालतो, तो तुमच्या लेटर कागदापेक्षा जवळपास पावणेदोन सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे कडा बाहेर येऊन दुमडतात. आणि इकडच्या पंचिंग मशीनला भोकं दोनच.

रेनकोट इथेच घ्या. मागे दप्तरासाठी जागा सोडलेला, पुढून पूर्ण चेन आणि चेनवर झाकणपट्टी असलेला. दुकानात तो उलटा करून शिवण उजेडाकडे धरा. आतून टेप चिकटवलेली असेल तर ठीक. नुसते टाके दिसत असतील तर खांद्यावरून पाणी गळणार, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. माप मुलाला दप्तर अडकवूनच बघा. लांबी गुडघ्याखाली चार बोटं. घोट्यापर्यंत आला तर रिक्षात चढताना पाय अडकतो. रंग पिवळा, केशरी किंवा पोपटी. काळा आणि करडा रेनकोट पावसाच्या अंधारात गाडीवाल्याला दिसत नाही. घरी आल्यावर उलटा करून टांगायचा. ओलाच घडी घातलेला पीव्हीसीचा रेनकोट चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

बूट: काळ्या बुटांचा एकच जोड असेल तर पावसाळ्यात हाल होतात. पुष्कळ शाळा पावसाळी सँडल चालवून घेतात, आधी विचारून ठेवा. चालत नसेल तर दोन जोड लागतील. भिजलेल्या बुटाची आतली गादी काढा, नाडी सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने ते बदला. लोक इथेच चुकतात: पहिला बोळा पाणी शोषून गच्च होतो आणि रात्रभर तोच आत राहिला तर बूट सकाळी तसाच ओला. दुसऱ्या बोळ्यानंतर बूट पंख्याखाली तिरके उभे करा. गॅसजवळ किंवा हीटरपुढे ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. मोजे निदान सहा जोड.

गणवेशाचे तीन संच. कापड सुती असेल तर शिवायच्या किंवा खाली दुमडायच्या आधी एकदा भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखूड होतो. खाली दोन इंच दुमडून हाताने धावदोरा घालून घ्या, दिवाळीनंतर उसवून लांबी वाढवता येते. पावसात कपडे मशीनमध्ये दोनदा पिळून काढा आणि पंख्याखाली अंतर ठेवून टांगा. शिवणी आणि इलॅस्टिक शेवटपर्यंत दमट राहतात, तिथे इस्त्री फिरवा.

डबा आणि बाटली भांडी बाजारात बघा. स्टीलच्या भांड्यांना तिथे निवड भरपूर. चुंबक लावून स्टील पारखू नका. २०२ प्रतीचं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. ३०४ चा ठसा बघा. डब्यावर नाव घालून घ्या आणि झाकणावरही घालायला सांगा, शाळेत झाकणंच जास्त हरवतात. घरी आल्यावर डब्यात पाणी भरून, झाकण लावून, कागदावर पाच मिनिटं उलटा ठेवा. गळला तर परत करा. आणि लेकीला हात ओले करून तो उघडायला सांगा. क्लिप घट्ट असेल तर ती कुणाला न सांगता डबा तसाच घरी आणेल. पोळी-भाजी गरम असताना झाकण लावू नका, वाफेचं पाणी होऊन पोळी चिवट होते. दहा मिनिटं उघडं ठेवा. झाकणातली सिलिकॉनची रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवा, काळी बुरशी तिच्याखालीच धरते. स्ट्रॉची बाटली त्याच कारणासाठी मी सुचवत नाही. घ्यायचीच असेल तर स्ट्रॉच्या बारीक ब्रशसकट घ्या.

उत्तर २ (मुलांचे डॉक्टर, नाशिक रोड)

वरच्या मेलमध्ये औषधांचा विषय राहिला, आणि तिकडून येणाऱ्या घरांत नेमका तिथेच धोका असतो.

पॅरासिटामॉलचं तिकडचं मुलांचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असतं. इकडे १२० चं मिळतं, २५० चंही मिळतं आणि बाटल्या दिसायला सारख्याच. डोस वजनावर, किलोमागे १५ मिलिग्रॅम. मूल १६ किलोचं असेल तर २४० मिलिग्रॅम. म्हणजे तिकडच्या सिरपचे साडेसात मिलि, इकडच्या १२० च्या सिरपचे १० मिलि, पण २५० च्या सिरपचे फक्त ४.८ मिलि. तिकडच्या सवयीने २५० चं सिरप साडेसात मिलि दिलंत तर दीडपटीहून जास्त औषध पोटात जातं. तान्ह्या मुलांचे थेंब त्याहून तीव्र, १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम. म्हणून घरात एकच ताकद ठेवा, बाटलीवर मुलाचं नाव, वजन आणि मिलि मार्करने लिहा, आणि मोजायला चमचा न वापरता सिरिंज वापरा. दोन डोसांमध्ये चार ते सहा तास, दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

पावसाळ्यात डेंगीची साथ असते. ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरं तापाचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि ही औषधं पॅरासिटामॉलबरोबर एकाच बाटलीत मिसळूनही विकली जातात. लेबलावरची घटकांची ओळ वाचा. डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण मोजे आणि पूर्ण बाह्या शाळेच्या वेळेतच हव्या. कूलर, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एक दिवस कोरडे करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम मोडला की फावलं त्याचं.

ओआरएसची पाकिटं दोन मापांत येतात. मोठं एक लिटरला, छोटं २०० मिलिला. पूर्ण पाकीट सांगितलेल्या पूर्ण पाण्यात विरघळवायचं. पेलाभर पाण्यात मोठं पाकीट टाकलं तर क्षार जास्त होऊन अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं हवं. नावात ‘ओआरएस’ घालून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांना एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानात बघूनच घ्या. जुलाब असतील तर सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी पुरे करा.

शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात उवांची तक्रार येतेच. औषध १ टक्का परमेथ्रिन. ५ टक्क्यांचं खरजेचं असतं, केमिस्टकडे टक्का सांगून मागा. शाम्पू करून टॉवेलने टिपलेल्या केसांना लावा, कंडिशनर नको, दहा मिनिटांनी धुवा. लिखा त्याने सगळ्या मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावा आणि मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा.

विषय: पुन्हा एक शंका, कार सीट आणि विजेच्या वस्तू

दोघांचे मनापासून आभार. धाकट्याची कार सीट आणावी का? आणि बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन?

उत्तर ३ (परतलेले सभासद, कॉलेज रोड)

सीट आणा, पण एक गोष्ट समजून घ्या. तिकडच्या गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की परत आत जाताना अडकून घट्ट बसतो आणि सीट हलत नाही. इकडच्या बहुतेक गाड्यांचे पट्टे झटका बसला तरच धरतात, एरवी सैल होत राहतात. त्यामुळे सीटमध्येच पट्टा पकडणारा क्लॅम्प हवा, किंवा पट्ट्याला लावायची धातूची लॉकिंग क्लिप बरोबर आणा. गाडीत आयसोफिक्सचे (कार सीट अडकवायला गाडीतच बसवलेले) हुक असतील तर तुमच्या सीटच्या खालच्या पट्ट्या त्यांना लागतात. वरचा टेदरही (सीटच्या पाठीचा वरचा पट्टा) लावा. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना बसवल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाखाली हजार रुपये दंड आहे.

शाळेत स्कूटरवरून सोडणार असाल तर चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाला बांधणारा हार्नेस आणि मापाचं हेल्मेट लागतं, वेग ४० च्या आत. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हेल्मेट इथेच घ्या. डोळ्यांच्या वर टेपने डोक्याचा घेर मोजून न्या.

मशीनच्या पाठीवर ‘१००–२४०’ लिहिलं असेल तरच आणा. नुसतं १२० असेल तर इथल्या २३० व्होल्टवर ते जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड होतो. तिकडची सॉकेटची प्लास्टिक झाकणं इकडच्या गोल भोकांना बसत नाहीत. त्यापेक्षा घरातल्या फ्यूजबोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. वीज गेली पाहिजे. गीझर ५० अंशांवर ठेवा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि अंघोळ झाली की बादली रिकामी.

उत्तर ४ (इंदिरानगर)

पाण्याचं राहिलं होतं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी मुळात जड नाही. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा; ५०० च्या खाली असेल तर आरओची गरज नाही, यूव्ही पुरतो. मात्र पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश आतपर्यंत पोचत नाही. तेव्हा यूव्हीच्या आधी गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर लावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो तपकिरी झाला की लगेच बदला. सोसायटीत टँकर किंवा बोअर मिसळत असेल तर मात्र मोजल्याशिवाय काही ठरवू नका.

भांडी बाजार आणि सराफ बाजारातली खरेदी जूनमध्येच आटपा. गोदावरीच्या अगदी लगतचा भाग आहे तो. धरणातून विसर्ग वाढून पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी आलं की तिथली दुकानं माल हलवायला लागतात. ऑगस्ट २०१६ मध्ये मारुती पूर्ण बुडाला होता.

आणि कव्हरं घालायचा खाकी कागद पुस्तकं मिळायच्या आधीच आणून ठेवा, पहिल्या आठवड्यात तो संपतो. पुस्तक उघडून कागदावर ठेवा, चारही बाजूंनी दोन इंच सोडून कापा, कण्याच्या वर-खाली छोटा व्ही कापून ती पट्टी आत दुमडा. दुसऱ्या पुठ्ठ्याची घडी पुस्तक मिटलेलं असताना घाला. उघडं ठेवून घातली तर कव्हर तोकडं पडतं, पुस्तक मिटताना कणा ताणतो आणि गणपतीपर्यंत शिवण सुटते. सेलोटेप कागदाला कागदावरच लावा, पुठ्ठ्याला नको. वर्षअखेर काढताना पुठ्ठ्याचं साल निघतं. कव्हरवर प्लास्टिकचं पारदर्शक आवरण पावसाळ्यापुरतं पुरे.