मदत हवी आहे: सहावी-सातवीसाठी कस लावणारे गणिताचे प्रश्न

अध्ययन निष्पत्ती म्हणजे मुलाला किमान काय यायला हवं, ते. शाळेत मात्र तीच कमाल मर्यादा होऊन बसते. एका निष्पत्तीला एक ठरावीक प्रश्न, की झालं! पटकन सोडवणाऱ्याला वर त्याच साच्याची आणखी वीस उदाहरणं. ही शिक्षाच आहे.

3/4 ÷ 1/2 सोडवा, याऐवजी ‘3/4 ला कशाने भागलं तर उत्तर 3/4 पेक्षा मोठं येईल? का?’ असं विचारलं, तर निष्पत्ती तीच राहते आणि भाजक 0 पेक्षा मोठा पण 1 पेक्षा लहान हवा, हे मूल स्वतः शोधतं.

गुणोत्तर आणि शेकडेवारीवर असे प्रश्न कुणी तयार केलेत का? मुंबईतले मराठी माध्यमाचे वर्ग, 35 मिनिटांची तासिका. 5 पैकी 3 गुण कारणमीमांसेला द्यायचे, तर अर्धवट कारणाला किती द्यावेत?