हरितलवकाचं मॉडेल: शिकणं की नुसतं पुठ्ठा कापणं?

फळाखडू:
यंदा दहावीला प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन शिकवण्याआधी पोरांकडून वर्गातच हरितलवक (पेशीत प्रकाशसंश्लेषण होतं ती जागा) आणि तंतुकणिका (जिथे श्वसन होतं ती) यांची मॉडेलं करून घेतली. माझं मत स्पष्ट आहे: हे धडे वेगवेगळे पाठ करून डोक्यात काही शिरत नाही, दोन्ही वस्तू एका बाकावर शेजारी याव्या लागतात. एका गटाने कॅरमच्या सोंगट्या हिरव्या रंगवून ग्रॅना, म्हणजे हरितलवकातल्या चकत्यांच्या चळती, रचल्या. दुसऱ्याने तंतुकणिकेचं आतलं आवरण म्हणून डब्यात रिबीन लावली. सरळ लावली तर तीन वीत बसते, घड्या घातल्या तर सात वीत. घड्या कशासाठी, हे मला सांगावं लागलं नाही.

साडेनऊची_आई:
सर, तुम्ही वर्गात करून घेता म्हणून ठीक. आमच्याकडे चिठ्ठी येते, "उद्या मॉडेल आणणे." मग रात्री साडेनऊला फेव्हिकॉल आणि मी. चिरंजीव झोपले होते. मला दहापैकी नऊ मिळाले.

चुन्याची_निवळी:
ताईंनी नेमकं सांगितलं, पण वर्गात केलं तरी माझा विरोधच. मॉडेल आकार दाखवतं, क्रिया नाही. तंतुकणिकेची जाडी मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग), हरितलवक पाच-दहा मायक्रॉन लांब. तुमच्या बाकावर दोघी जुळ्या बहिणी! त्यापेक्षा हायड्रिला या पाणवनस्पतीवर नरसाळं पालथं घाला, उन्हात ऑक्सिजनचे बुडबुडे मोजा. मोड आलेली मटकी थर्मासमध्ये भरून तापमापी खोचा, दुसऱ्या दिवशी पारा चढलेला दिसतो. वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात, हे खूळ काढायला याहून चांगली सुरुवात नाही.

फळाखडू:
मापाचं मान्य, चूक माझी. मटकीही करतो. पण थर्मास काय घडतं ते दाखवतो, कुठे घडतं ते नाही.
आणि आम्ही सोंगट्यांवर थांबलो नाही. मणी घेतले: काळा कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन. नियम एकच, बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातलाच हवा. (रूबेन आणि कामेन यांनी 1941 साली जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा, ओळखता येणारा अणू) वापरून हे तपासलं होतं.) फळ्यावर नेहमीचं समीकरण होतं, सहा पाणी आणि सहा ऑक्सिजन (O₂, म्हणजे प्रत्येकात दोन लाल मणी). एक मुलगी अडली. "सर, सहा पाण्यांत लाल मणी सहाच. बाहेर तर बारा टाकायचेत." वर्ग गप्प. शेवटी पाणी बारा घेतलं, तेव्हा सहा पाणी उलट तयार होऊन उरलं. इतकी वर्षं मी ते समीकरण सहा घालूनच लिहीत आलोय.

चुन्याची_निवळी:
मण्यांचा हिशेब झकास, त्याला हरकत नाही. पण तो वही-पेन्सिलीनेही झाला असता. त्यात सोंगट्यांचं काय काम?

फळाखडू:
वहीत मीही करायचो. वहीत कोणी अडलं नाही.

चुन्याची_निवळी:
ते तुमच्या वहीचं झालं. माझ्या वर्गात अडतात.

साडेनऊची_आई:
थर्मासला मटकी किती लागते? आणि नंतर उसळीला चालते का?