पोकर: चौघांच्या पॉटमध्ये टॉप पेअर (उघड्या पानांतल्या सर्वात मोठ्या पानाची जोडी) टाकून दिली. अशा हाताचा हिशेब कसा मांडावा?

राजमहालरोड_वहिनी
नमस्कार मंडळी. सातम-आठमला आमच्याकडे, वडोदऱ्यात, सगळं घर पत्ते खेळायला बसतं. आधी मेंढीकोट आणि तीन पत्ती असायची, आता मुलांमुळे टेक्सस होल्डेम पोकर: हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची पाच उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक. पैसे अजिबात नाहीत, प्रत्येकाला 1000 चिप्स, ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी घालायच्या चिप्स) 5 आणि 10.

हात असा. सहाजण. माझ्याकडे किलवरचा एक्का आणि चौकटचा राजा. मी 40 केले. बटणवर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर, बसलेल्या मावसदिरांनी कॉल केला (तेवढेच घातले), स्मॉल ब्लाइंडवर दीर, बिग ब्लाइंडवर धाकटी जाऊ, दोघांनीही कॉल. पॉट, म्हणजे मधला ढीग, 160.

फ्लॉप: इस्पिकचा राजा, बदामची नव्वी, बदामची अठ्ठी. दीर चेक (काही न लावता पुढे), जाऊ चेक. मी 120 लावले. मावसदिरांचा कॉल, दिरांनी पत्ते टाकले. आणि जाऊबाईंनी रेझ करून (वाढवून) 420 केले.

मी थोडा वेळ घेऊन पत्ते टाकले. माझ्यामागून मावसदिरांनीही टाकले. तिने पत्ते न दाखवताच गड्डीत मिसळले. तेव्हापासून दीर ऐकवतायत की राजाची जोडी आणि वर एक्का असताना कोणी टाकतं का. तिच्याकडे काय होतं हे मला विचारायचंच नाही. दोघांमधल्या हाताचा हिशेब मला जमतो, पण तिघं-चौघं पॉटमध्ये असले की कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही. पद्धत सुचवा, साधन सुचवा, काहीही चालेल.

कारेलीबागकर
वहिनी, आधी दिरांचा हिशेब मांडू, कारण तो चुकीचा नाही, अर्धा आहे. पॉटमध्ये 820 झालेत, तुम्हाला 300 घालायचेत. 300 भागिले 1120, म्हणजे 27 टक्क्यांच्या आसपास. चारात एकदा जिंकलात तरी जवळपास भागतं. त्यांच्या डोक्यात हेच असणार.

पण या 300 नं हात संपत नाही. एक तर मावसदीर तुमच्या मागे बसलेत, त्यांनी अजून बोलायचंय आणि त्यांच्यापुढे 840 चिप्स आहेत. तुम्ही कॉल केलात आणि त्यांनी सगळं पुढे सरकवलं, तर तुमचे 300 गेले आणि टर्नही दिसला नाही. दुसरं, ते गप्प राहिले तरी टर्नला तुमच्याकडे 540 उरतात आणि जाऊबाईंकडेही 540. ती सोडणार नाही. म्हणजे तुम्ही घेताय तो निर्णय 300 चा नसून 840 चा आहे. 840 घालून 2200 चा पॉट, म्हणजे 38 टक्के लागतात. 27 आणि 38 मध्ये केवढं अंतर आहे बघा.

आता तिच्या बाजूनं बघा. तिनं 420 घातले तेव्हा पॉटमध्ये 400 होते. ही निव्वळ थाप असेल तर ती 51 टक्के वेळा यशस्वी व्हायला हवी, आणि ‘यशस्वी’ म्हणजे तुम्ही दोघांनीही टाकायचं. त्यासाठी प्रत्येकानं साधारण 72 टक्के वेळा टाकायला हवं. एकानं लावलेत, दुसऱ्यानं कॉल केलाय, अशा दोघांविरुद्ध इतक्या वेळा थाप चालेल असं समजदार माणूस धरत नाही. एकट्या तुमच्यावर असाच रेझ आला असता तर मी कॉल कर म्हटलं असतं.

माझी पद्धत एवढीच: प्रत्येक निर्णयाला तीन प्रश्न. माझ्या मागे कोण बोलायचं बाकी आहे? समोरच्यानं किती जणांना अंगावर घेऊन हे केलं? आणि या रकमेनंतर अजून किती घालावे लागतील? पॉटचा भागाकार त्यानंतर.

एक आकडा कायम लक्षात ठेवा. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका अनोळखी हातासमोर सुमारे 85 टक्के जिंकते, तिघांसमोर सुमारे 64, पाचांसमोर सुमारे 49. सगळ्यात मोठ्या जोडीची ही गत, तर राजाच्या जोडीची काय सांगावी.

वाडीवाला
मी दिरांच्या बाजूनं. टाकणं मला पटलं नाही. बदामच्या दोन पानांचा फ्लॉप आहे, नव्वी-अठ्ठी लागून आहेत, ड्रॉ (अजून एखादं पान आलं की जमणारे हात) भरपूर. कॉल नको, पण सगळे 840 पुढे सरकवायचे. मावसदीर पळतात आणि जाऊबाईंचा बदाम-ड्रॉ असेल तर तिला महाग पडतं.

कारेलीबागकर
महाग पडत नाही, हीच तर अडचण. तुम्ही 840 सरकवलेत की पॉट 1660 होतो आणि तिला फक्त 540 घालायचेत. तिला 25 टक्केसुद्धा लागत नाहीत. बदामचे गुलाम-दश्शी असतील तर पाच बदाम जमवणारी बदामची नऊ पानं, शिवाय पाचांचा क्रम लावणाऱ्या, बदाम सोडून, तीन राण्या आणि तीन सत्त्या, अशी पंधरा पानं तिच्या कामाची. दोन पानं अजून यायची आहेत म्हटल्यावर ती निम्म्याहून जास्त वेळा जिंकते. ती कशाला सोडेल? मावसदीर पळतील एवढं खरं, पण पळणाऱ्यांत तुम्हाला हवे असलेलेच जास्त: हलका राजा, एखादा ड्रॉ.

राजमहालरोड_वहिनी
वाडीवाले दादा, जाऊबाईंबद्दल सांगते. ती संध्याकाळभर चेक आणि कॉलच करत होती. रेझ करताना तिनं आधी माझ्या चिप्सकडे पाहिलं, मग स्वतःच्या चिप्सच्या चार ढिगांतला एकेक नीट मोजला. घाई अशी नव्हतीच. याला हिशेबात किती वजन द्यायचं?

बदामसत्ती
द्यायचं, पण शेवटी. आधी पानं मोजा. कॉम्प्युटरच्या आधी मी हे करायला सांगेन, कारण यातून जे डोक्यात बसतं ते कशानंच बसत नाही. खरा कॅट घ्या. फ्लॉपची तीन पानं आणि तुमची दोन टेबलावर उघडी ठेवा. उरलेल्या 47 पानांतून जाऊबाईंकडे असू शकणाऱ्या जोड्या हातानं जुळवा.

नव्व्या तीन उरल्या, त्यांच्या जोड्या तीन. अठ्ठ्यांच्याही तीन. एकाच रंगाची नव्वी-अठ्ठी: इस्पिक, चौकट, किलवर, म्हणजे तीन. किलवरचा राजा किलवरच्या नव्वीबरोबर एक, अठ्ठीबरोबर एक. बदामचा राजा शिल्लक आहे, पण बदामची नव्वी-अठ्ठी फ्लॉपवरच पडलीय, म्हणून त्याची अशी जोडी होत नाही. एकूण 11 हात, जे तुम्हाला आत्ताच मारून बसलेत. सेट (हातातली जोडी आणि तेच पान फ्लॉपवर) असेल तर तुम्हाला लागोपाठ दोन पानं हवीत, नव्वी-अठ्ठी असेल तर तीन एक्के आणि दोन राजे, एवढीच आशा.

आता बदामचे मोठे ड्रॉ: गुलाम-दश्शी, दश्शी-सत्ती, सत्ती-छक्की. तीन हात, आणि तिथेही तुम्ही पुढे नाही, साधारण बरोबरीच्या खाली. दुसऱ्या रंगांची गुलाम-दश्शी आणि सत्ती-छक्की धरली तर आणखी सहा हात, तिथे मात्र तुम्ही पुढे. सगळं मिळून तुमचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. कारेलीबागकरांचे 38 त्यातून निघत नाहीत, आणि मावसदीर तर मी अजून धरलेच नाहीत.

आता जाऊबाईंचा स्वभाव. शांत खेळणारी असेल तर शेवटचे सहा हात ती चेक-रेझ करणार नाही, ते काढून टाका. मग तुमचा वाटा पाचव्या हिश्शाजवळ येतो. रोज थापा मारणारी असती तर नुसता एक्का-बदाम धरलेले हातही घातले असते आणि वाडीवाल्यांचं म्हणणं बरंच बरोबर ठरलं असतं. चिप्स मोजण्याचं वजन एवढंच: कुठले हात यादीत ठेवायचे ते त्यावरून ठरवा.

माझं मत विचाराल तर टाकलंत ते बरोबर.

निजामपुरा_इंजिनिअर
साधनांबद्दल. ‘इक्विलॅब’ फुकट आहे, विंडोजवर चालतं, प्रत्येक खेळाडूला हातांची यादी देऊन टक्के काढून देतं, दोनपेक्षा जास्त खेळाडूही घेतं. बदामसत्तींनी हातानं केलेलं काम त्यात पडताळून बघा, मावसदिरांचीही यादी टाका.

सॉल्व्हरच्या (सर्वोत्तम खेळ शोधणाऱ्या प्रोग्रामच्या) मागे लगेच लागू नका. ‘पायोसॉल्व्हर’ दोनच खेळाडूंचा हिशेब करतो. ‘मंकरसॉल्व्हर’ जास्त खेळाडू घेतो, पण त्याला तगडी मशीन लागते आणि शिकायलाही वेळ जातो. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की दोघांच्या खेळात नॅश समतोल (जिथे कोणालाही एकट्यानं खेळ बदलून फायदा होत नाही) सापडला तर तो खेळणारा दीर्घकाळात हरत नाही हे गणितानं सिद्ध आहे. तिसरा माणूस आला की ती हमी उरत नाही. म्हणून अनेकांच्या पॉटमध्ये सॉल्व्हरचं उत्तर शेवटचा शब्द मानू नये. याचा अर्थ मशीनला ते जमत नाही असा नाही: नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांचा ‘प्लुरिबस’ हा प्रोग्राम 2019 मध्ये सहाजणांच्या होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंना भारी पडला. पण तो जिंकला ते खेळून दाखवून, तशी हमी कुठल्या सिद्धांतानं दिली नव्हती.

सरावासाठी पैशाचं ॲप शोधू नका. 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, आणि गुजरात उच्च न्यायालयानं 2017 मध्येच पोकरला नशिबाचा खेळ ठरवलंय. घरच्या चिप्स उत्तम.

वाडीवाला
बदामसत्तींची मोजणी पाहिली. सहा हात काढले की माझं सरकवणं उभं राहत नाही, मान्य. पण फ्लॉपवरच्या 120 बद्दल कोणीच बोललं नाही. तीन जणांसमोर पॉटचा पाऊण भाग? मी 80 लावले असते. रेझही लहान आला असता आणि टर्न बघायला मिळाला असता.

कारेलीबागकर
हा मुद्दा चांगला. अनेकजण असले की कमी हातांनी लावायचं आणि लावायचं तेही लहान, हे सर्वसाधारण खरं आहे, कारण कोणाकडे तरी काहीतरी असतंच. इथे मात्र मी 120 च्या बाजूनं. हा फ्लॉप ओला आहे, म्हणजे ड्रॉ भरपूर, ड्रॉवाल्यांकडून आत्ताच भरपूर घ्यायला हवं. राजा, सत्ती, दुर्री असा कोरडा फ्लॉप असता तर 60 सुद्धा पुरे झाले असते.

राजमहालरोड_वहिनी
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅट काढून बसलेय, दीरही येऊन बसलेत. जाऊबाईंच्या 11 जोड्या मांडून झाल्या, आता आम्ही मावसदिरांच्या लावतोय. त्यांनी नुसता कॉल केला म्हणजे सेट आणि दोन जोड्या बऱ्याचशा बाद, असं दीर म्हणतात. मला वाटतं मागे दोघं बोलायचे असताना सेटवालाही नुसता कॉल करेल, म्हणून मी नव्व्यांच्या आणि अठ्ठ्यांच्या जोड्या यादीतून काढलेल्या नाहीत. यावर कोणी बोलेल का?

बदामसत्ती
काढू नका. मागे दोघं असताना सेटवर नुसता कॉल करणारे पुष्कळ असतात. नव्व्यांच्या तीन, अठ्ठ्यांच्या तीन, सहाही ठेवा. पण दिरांचंही अर्धं धरा: ओल्या फ्लॉपवर काहीजण लगेच रेझ करतात, म्हणून त्या सहांना निम्मंच वजन द्या.