कोकणातल्या घरांचं शेप ग्रामर, पडवीच्या नियमासाठी मदत हवी आहे

स्टायनी-मिचेल या संशोधकांनी 1978 मध्ये इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या व्हिलांचं केलं तसं शेप ग्रामर (म्हणजे आकार टप्प्याटप्प्याने जोडत आराखडा तयार करणारे नियम) मी रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या कौलारू घरांसाठी लिहितोय. माजघरापासून सुरुवात, पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, इथपर्यंत नियम ग्रासहॉपर या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मस्त चालतात. अडतंय पडवीपाशी. प्रत्येक पडवीला छप्पर त्याच उतारात खाली येतं आणि मागे नवीन संडास-बाथरूम जोडलं की वळचण इतकी खाली जाते की माणसाला वाकूनच शिरावं लागेल. उतार कमी केला तर पाऊस कौलांखाली शिरणार. जमीन पायरीभर खाली घेऊन बघितली, पहिल्या पडवीला जमतं, पुढे नाही. जुने वासे-चिरे ठेवायचेत, स्लॅब नकोच. मग उंचीची अट पडवीच्याच नियमात घालू, की सेक्शनचं (उभ्या छेदाचं) वेगळं ग्रामर करून प्लॅनसोबत पॅरलल चालवू?